वारा सुटला की नाक वर

या खेपेला आलेली निम्मीअधिक पत्रं वाऱ्याबद्दल आहेत. सगळ्यांची तक्रार एकच: एरवी शहाण्यासारखा माग काढणारा कुत्रा वारा सुटला की ऐकेनासा होतो. तेव्हा पिल्लांच्या दातांचे आणि चपला कुरतडण्याचे प्रश्न पुढच्या महिन्यावर ढकलते आणि या वेळी फक्त वारा घेते.

प्रश्न: ताई, माझा कुत्रा सात महिन्यांचा आहे. तीन आठवडे सकाळच्या शांत हवेत त्याला माग शिकवला. मी चालून जाते, प्रत्येक पावलात खाऊचा एक तुकडा ठेवते, शेवटी माझा मोजा ठेवते आणि मग त्याला दोरीवर घेऊन येते. शंभर पावलं नाक न उचलता, एक तुकडा न सोडता यायचा. गेल्या रविवारपासून वारा आहे. आता तो मागाच्या उजव्या बाजूने, तीन-चार पावलं अंतरावरून चालतो. डोकं वर असतं, निम्मा खाऊ तसाच पडून राहतो. दोरीने ओढून मागावर आणला की दोन पावलं नीट, पुन्हा उजवीकडे. परवा तर सगळं सोडून नाकासमोर पळत थेट मोज्यावर जाऊन बसला. त्याचं नाक कमजोर आहे का? की वारा पडेपर्यंत सराव बंद ठेवू?

उत्तर: नाक कमजोर असतं तर तुमच्या मागापासून नेमकं तीन पावलं अंतर राखून तो शंभर पावलं चाललाच नसता, कुठेही भरकटला असता. पत्रात तुम्ही वाऱ्याची दिशा लिहिलेली नाही, पण मी पैजेवर सांगते: रविवारी वारा तुमच्या डाव्या हाताकडून होता आणि परवा, मोज्याच्या दिवशी, थेट तोंडावर.

आपण चालतो तेव्हा मागे दोन तऱ्हेचे वास राहतात. एक आपल्या अंगाचा. त्वचेचे सूक्ष्म कण सतत गळत असतात, त्यांच्यावर घाम आणि जिवाणू असतात. हे कण हलके. पावलाजवळ थोडे पडतात, बाकीचे हवेत तरंगत कुठेतरी जाऊन टेकतात. दुसरा वास पावलाखालच्या जमिनीचा. चिरडलेलं गवत, मोडलेली पाती, उकरलेली माती, तिच्यातले जिवाणू. हा वास पावलाच्या खळग्यातच राहतो.

शांत हवेत दोन्ही वास एकाच जागी असतात, त्यामुळे तुमच्या कुत्र्याला निवड करायची वेळच आली नाही. वाऱ्याने पहिला वास उचलला आणि तीन-चार पावलं पलीकडे गवताच्या शेंड्यांवर नेऊन टाकला. कुत्रा त्याच्यामागे गेला. त्याच्या हिशेबी माणूस तिथूनच गेलाय! जमिनीचा वास हाच खरा माग, हे त्याला अजून कोणी सांगितलेलं नाही. ते सांगायला वाऱ्यासारखी संधी नाही, म्हणून सराव बंद करू नका. फक्त आजच्या आज एक गोष्ट थांबवा: दोरी ओढणं.

यात मी स्वतः पोळले आहे. माझा पहिला मागाचा कुत्रा गुंड्या. त्या वर्षी मी रोज माग घालायची, वारा रोज डावीकडून असायचा आणि गुंड्या रोज उजवीकडे सरकायचा. मी दोरीला बारीकसा झटका द्यायची, तो परत यायचा. महिन्याभरात तो इतका सरळ चालायला लागला की मी लोकांना बोलावून दाखवायची. मग एका परीक्षेत परक्या माणसाने घातलेला माग आला. तो कुठून गेलाय हे मला ठाऊक नव्हतं. पहिली चाळीस पावलं ठीक गेली. वाऱ्याची एक झुळूक आली, गुंड्या थांबला आणि मागे वळून माझ्याकडे पाहू लागला. मी गप्प. तो पुढे दोन पावलं गेला, पुन्हा वळून बघितलं. दोरीतून काही येतंय का याची वाट बघत होता बिचारा. महिनाभर मी त्याला दोरी वाचायला शिकवलं होतं आणि नाकाला सुट्टी दिली होती. ते निस्तरायला मला पुढचं अख्खं वर्ष लागलं.

तर आता काय करायचं ते सांगते.

माग घालण्याआधी वारा बघायचा, आणि तो आपल्या तोंडावर जाणवतो तो नव्हे. एका छोट्या मऊ बाटलीत टाल्कम पावडर भरून ठेवा. एकदा छातीच्या उंचीवर फुस्स करा आणि एकदा खाली वाकून गुडघ्याच्या खाली. मी पहिल्यांदा असं केलं तेव्हा थक्क झाले होते. एका उंचवट्याच्या आडोशाला उभी होते. छातीजवळची पावडर पुढे गेली आणि गुडघ्याजवळची सावकाश मागे माझ्या पायांकडे आली. वारा अडथळ्यावरून उडी मारतो तेव्हा पलीकडे खाली भोवरा होतो. कुत्र्याचं नाक त्या भोवऱ्यात असतं आणि आपण वरच्या वाऱ्यावरून त्याला नावं ठेवतो.

जागा निवडताना घोट्याइतकं गवत असलेली घ्या. उघड्या कडक जमिनीवर वारा सगळं झाडून नेतो. जमिनीला घासून वाहणारा वारा मुळातच मंद असतो, आणि गवताच्या बुंध्याशी हवा जवळजवळ स्थिर असते. पाऊल तिथेच पडलेलं असतं.

पहिले चार-पाच दिवस वारा पाठीशी घेऊन माग घाला, सरळ, तीसच पावलं. पुढच्या खाऊचा वास वारा कुत्र्यापासून लांब नेतो, त्याला डोकं वर करून मिळत काहीच नाही. नाक खाली घातलं तरच तुकडा सापडतो. प्रत्येक पाऊल टाचेवर भार देऊन दाबा आणि तुकडा टाचेच्या खळग्यात बसवा, हरभऱ्याएवढाच. मोठा तुकडा चावत बसला की लय तुटते आणि भुगा इकडेतिकडे सांडतो.

मग थांबा. निदान वीस मिनिटं, जमलं तर अर्धा तास. हे बहुतेकांना उलटं वाटतं. वाऱ्यात वास उडून जाईल म्हणून लोक माग घालतात आणि पळत जाऊन कुत्रा घेऊन येतात. ताज्या मागावर सुटा वास सगळीकडे भरून असतो आणि तोच कोवळ्या कुत्र्याला भुलवतो. अर्ध्या तासात वारा त्यातला बराचसा घेऊन जातो. चिरडलेल्या गवताचा वास मात्र जागेवर असतो. माझा अनुभव असा की वाऱ्याच्या दिवशी ताज्या मागावर भरकटणारा कुत्रा अर्ध्या तासाच्या शिळ्या मागावर रुळावरून चालल्यासारखा चालतो.

परत येताना कुठून येता तेही बघा. मागाच्या वरच्या अंगाने, म्हणजे जिकडून वारा येतोय तिकडून परतलात तर तुमच्या परतीचा सगळा वास मागावर येऊन पडेल. खालच्या अंगाने या, आणि चांगली चाळीस-पन्नास पावलं लांबून.

पाठीचा वारा जमला की तिरपा, मग आडवा. तोंडावरचा वारा सगळ्यात शेवटी. प्रत्येक वेळी वारा बदलला की खाऊ पुन्हा प्रत्येक पावलात. शांत हवेत तुम्ही पाच पावलांना एक तुकड्यापर्यंत आला असाल, तरी आडव्या वाऱ्यात पहिल्यापासून सुरुवात. यात कमीपणा काही नाही. वाऱ्यातला माग हा त्याच्यासाठी नवाच धडा आहे.

आता दोरी. दीड-दोन मीटर पुरे, आणि हात गुडघ्याशी ठेवा. तो खालच्या अंगाला सरकला की तुम्ही मागावर जागच्या जागी उभ्या राहा. ओढू नका, बोलू नका, त्याचं नावही घेऊ नका. दोरी संपली की तो पुढे जाऊ शकत नाही, मग अर्धगोल मारतो. त्या अर्धगोलात कधी ना कधी त्याचं नाक मागावरून जातं. ज्या क्षणी नाक खाली जातं आणि तुकडा सापडतो, त्याच क्षणी तुम्ही चालू लागा. पहिल्या दिवशी याला मिनिटभर लागेल. तुमचे हात शिवशिवतील. हात खिशात घालता येत नाहीत, कारण दोरी आहे, म्हणून मी जीभ दाताखाली धरते.

हे करायला माग नेमका कुठे आहे हे तुम्हाला इंचभराच्या फरकाने ठाऊक हवं. खुणेसाठी झेंड्या लावत असाल तर मागावर लावू नका. वरच्या अंगाला दोन पावलं सोडून लावा आणि दर वेळी ठिकाण बदला. गुंड्या पुढे पुढे झेंडी ते झेंडी धावायचा, तो वेगळाच इतिहास.

सात महिन्यांच्या पोराला दिवसाला एकच माग, पाच-सात मिनिटांचा. हुंगताना कुत्रा सेकंदाला पाच-सहा वेळा हवा आत ओढतो, हे अंगमेहनतीचं काम आहे. जीभ बाहेर काढून धापा टाकायला लागला की नाकाचं काम जवळपास थांबलं असं समजा. त्याला पाणी पाजा, सावलीत बसवा आणि घरी जा.

प्रश्न: माझी कुत्री दीड वर्षाची, सरळ मागावर उत्तम. वळणावर मात्र कधी सात-आठ पावलं पुढे निघून जाते, तर कधी वळण यायच्या आधीच कोपरा कापून पलीकडच्या रेघेवर जाते. काही नियमच लागत नाही. हट्टीपणा म्हणावा का?

उत्तर: नियम आहे, तुम्ही तो वहीत लिहीत नाही इतकंच. एका कागदावर काटकोनाचा माग काढा आणि वाऱ्याचा बाण चार बाजूंनी काढून बघा.

वारा पाठीशी असेल तर वळणाजवळचा सुटा वास वळणाच्या पुढे वाहून गेलेला असतो. कुत्री त्याच्यामागे पुढे जाते, वास विरळ होतो, मग तिला कळतं. तुमची सात-आठ पावलं ती हीच. वारा तोंडावर असेल तर वळणानंतरच्या रेघेचा वास, विशेषतः तिथल्या खाऊचा, तिच्याकडे वाहत येतो. समोर ताट दिसत असताना ती कोपऱ्यापर्यंत कशाला जाईल? कोपरा कापते. आडव्या वाऱ्यात वळण वाऱ्याच्या तोंडाकडे असेल तर ती दोरीला बांधल्यासारखी वळते. ते बघून फार खूश होऊ नका, त्यात नाक खाली नसतं. वळण वाऱ्यासोबत जाणारं असेल तेव्हा मात्र नव्या रेघेचा वास तिच्यापासून पळत असतो आणि तिला खरंच पावलं शोधावी लागतात. सरावात ही वळणं जास्त ठेवा.

पुढे निघून जाण्यावर उपाय तुमच्या पायांत आहे. ती वळणापलीकडे गेली की बहुतेक जण तिच्या मागोमाग जातात. जाऊ नका. वळणाच्या दोन पावलं आधीच थांबा आणि दोरी सोडत राहा. तिच्या मागे गेलात तर वळणाच्या आसपासची जमीन तुम्हीच तुडवता आणि परत येऊन शोधताना तिला तुमचाच ताजा वास मिळतो. वास सुटला हे ती सांगतेच: शेपटी वर येते किंवा थबकते, हुंगण्याचा आवाज बदलतो, मान क्षणभर उचलली जाते. माझ्या आत्ताच्या पिंगीचा डावा कान वळतो. तुमची कुठली खूण दाखवते ते शोधा, ती एक खूण सापडली की निम्मं काम झालं.

कोपरा कापणारीसाठी तोंडावरच्या वाऱ्यात वळणाआधीच्या दहा पावलांत आणि खुद्द वळणावर भरपूर खाऊ ठेवा. वळणानंतरची पहिली सात-आठ पावलं रिकामी ठेवा. पलीकडून बोलावणारं काही नसलं की ती अलीकडचं संपवत येते. शिवाय काही दिवस काटकोन सोडून द्या आणि गोलसर वळण घाला, पंधरा-वीस पावलांत हळूहळू वळणारं.

प्रश्न: किती वारा म्हणजे जास्त वारा?

उत्तर: झाडं बघा. समुद्रावरच्या वाऱ्यासाठी ब्रिटिश नौदलातल्या फ्रान्सिस ब्यूफर्ट यांनी 1805 मध्ये एक मोजपट्टी सुरू केली. पुढे तिच्यात जमिनीवरच्या खुणाही आल्या, मी त्याच वापरते. पानं सळसळतात, चेहऱ्याला वारा लागतो, म्हणजे ताशी 6 ते 11 किलोमीटर. यात काहीही शिकवा. पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलताहेत, 12 ते 19. वाऱ्याचे धडे यातच द्यावेत. धूळ आणि सुटे कागद उडायला लागले, 20 ते 28. फक्त सरळ, छोटा माग, तोही कुत्र्याला वाऱ्याची सवय झाली असेल तर. लहान झाडं डोलायला लागली की 29 च्या पुढे, तेव्हा कोवळ्या कुत्र्याला बाहेर नेऊन त्याला हरायला शिकवू नका.

आकड्यापेक्षा वाऱ्याचा स्वभाव जास्त छळतो. एका दिशेने सलग वाहणारा जोरदार वारा परवडला. दर मिनिटाला दिशा बदलणारा मंद वारा कोवळ्या कुत्र्याला रडवतो. भर दुपारी तापलेल्या जमिनीवर हेच होतं, हवा वर उठते, वास सोबत घेऊन जाते आणि बाजूची हवा कुठूनही आत येते. सूर्य चढायच्या आधी या.

प्रश्न: ओळखीतले एक अनुभवी गृहस्थ म्हणतात, कुत्र्याने डोकं वर केलं की पट्ट्याला धरून मान खाली दाबायची, चार दिवसांत नाक खाली राहतं. करावं का?

उत्तर: नाही. मान खाली राहील, नाक चालू आहे की नाही हे तुम्हाला कधीच कळणार नाही. दाबाखालचा कुत्रा मान खाली घालून श्वास रोखून चालू शकतो. मी असे कुत्रे पाहिलेत: चित्रासारखे चालतात आणि मागावर शोधायला ठेवलेल्या वस्तूवरच पाय देऊन पुढे जातात. शिवाय सात-आठ महिन्यांच्या कुत्र्याची हाडं-सांधे अजून वाढताहेत. गळ्याच्या पट्ट्याऐवजी छातीचा पट्टा वापरा आणि त्या गृहस्थांना चहा पाजून निरोप द्या.

प्रश्न: माझे प्रशिक्षक म्हणतात, कुत्रा पावलावर पाऊल टाकूनच गेला पाहिजे, एक हातभरही बाजूला नको. माझी मैत्रीण हरवलेल्या माणसांच्या शोधाचं काम करते. ती म्हणते, वाऱ्यावरचा वास घेऊन जातोय तर जाऊ दे, उगाच अडवू नकोस. कोणाचं ऐकू?

उत्तर: दोघंही आपापल्या कामाबद्दल खरं बोलताहेत. तुमच्या प्रशिक्षकांच्या डोळ्यांसमोर स्पर्धा आहे. आयजीपी या कुत्र्यांच्या परीक्षेत (2019 पर्यंत हिला आयपीओ म्हणत) पहिल्या पायरीला निदान 300 पावलांचा, स्वतःच घातलेला, वीस मिनिटं जुना माग असतो. तिसऱ्या पायरीला 600 पावलांचा, परक्याचा, तासभर जुना. तिथे गुण मिळतात ते संथ, एकसारख्या वेगाने, नाक खोल पावलात घालून चालण्याला. समांतर चालणारा कुत्रा शेवटी पोचला तरी गुण गमावतो. मैत्रिणीच्या कामात गुण नाहीत, माणूस आहे. कुत्र्याने वाऱ्यावरचा वास पकडून पन्नास पावलं वाचवली तर ती पन्नास पावलं सोन्याची.

तुमचं काय ठरलंय ते तुम्ही लिहिलेलं नाही. ठरलं नसेल तर माझा कौल असा: पहिलं वर्ष पावलांचं. नाक खाली ठेवायला शिकलेल्या कुत्र्याला वाऱ्यावर मोकळं सोडणं सोपं जातं, तो ते उपजतच करतो. आधी वाऱ्यावर उनाडलेल्याला पावलांत आणायचं म्हणजे त्याच्या लेखी बुफे बंद करून एकेक घास मोजून द्यायचा. होतं, पण दोघांचाही घाम निघतो.

एका बाबतीत मात्र मी मैत्रिणीच्या बाजूने आहे. कुत्रा हातभर बाजूला गेला की चूक म्हणून ओरडायचं, हे स्पर्धेसाठीही वाईट. तो बाजूला जाऊन स्वतः परत आला तर ती त्या दिवसाची सगळ्यात मोलाची पाच सेकंदं होती.

प्रश्न: वाऱ्याच्या दिवशी सुरुवातीलाच गडबड होते. खुणेच्या काठीपाशी नेलं की हा हिसका देऊन वाऱ्याच्या दिशेने धावतो, कधी कधी तर उलटाच. दहा पावलांनंतर भानावर येतो.

उत्तर: सुरुवातीला त्याला वेळच मिळत नाहीये. कुत्रे मागाची दिशा कशी ओळखतात यावर नॉर्वेतल्या संशोधकांनी 1993 मध्ये काम केलं. त्यांचे कुत्रे मागाला लागले की वेग कमी करायचे, दोन ते पाच पावलं हुंगायचे आणि तीन ते पाच सेकंदांत दिशा ठरवायचे. 2005 मधल्या दुसऱ्या एका अभ्यासात दिशा कळायला ओळीने पाच पावलांचे ठसे लागले. म्हणजे पुढच्या पावलाचा वास मागच्यापेक्षा किंचित ताजा आहे, एवढ्या फरकावर त्यांचं गणित चालतं. तुमचा कुत्रा पहिलीच पाच पावलं धावत ओलांडतो, मग गणित कशावर करणार?

तेव्हा सुरुवातीला दोन-तीन फुटांचा चौकोन पायाने नीट तुडवा आणि त्यात दहा-बारा तुकडे विखरून ठेवा. वाऱ्याच्या दिवशी चौकोन थोडा मोठा. त्याला चौकोनाच्या खालच्या अंगाने आणा, म्हणजे त्याचा वास त्याला आधीच येऊन भेटेल आणि पाय आपोआप मंदावतील. गाडीतून उतरवून थेट नेऊ नका. आधी दहा मिनिटं फिरवा, मूत्रविसर्जन उरकू द्या. चौकोनातले सगळे तुकडे संपेपर्यंत तुम्ही पाऊल उचलायचं नाही. चौकोनातून बाहेर पडणाऱ्या पहिल्या दहा पावलांत प्रत्येकी एक तुकडा. पिंगी अजूनही वाऱ्यात चौकोनात पाऊण मिनिट घालवते. लोक घड्याळ बघतात. मी बघत नाही.

प्रश्न: माग घालताना वारा एकीकडून होता आणि अर्ध्या तासाने कुत्रा आणला तेव्हा दुसरीकडून. कुत्रा नागमोडी चालला. हे धरायचं की सोडायचं?

उत्तर: सोडायचं. पहिल्या वाऱ्याने मागाच्या एका अंगाला वास टाकला, दुसऱ्याने दुसऱ्या, आणि तो दोन्ही कडा तपासून मधे येत होता. खड्डा, झुडपांची ओळ किंवा भिंतीचा पायथा जवळ असेल तर तिथे वास आणखीच साठतो. तिथे जाऊन तो क्षणभर रेंगाळला तरी उभं राहून बघा. दोन-चार वळशांत नाग सरळ होत गेला असेल तर तो शिकतोय. शेवटपर्यंत तसाच राहिला तर पुढच्या वेळी माग वीस पावलांनी आखूड करा.

आणि पुढच्या पत्रात, हे सगळ्यांनाच सांगते आहे, वाऱ्याची दिशा लिहा. माग घालतानाची वेगळी, चालवतानाची वेगळी, आणि दोन्ही गुडघ्याखाली पावडर उडवून बघितलेली.